शेऱ्याच्या रकान्यातलं वऱ्हाड

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, पस्तीस वर्षं पत्रकं लिहीत, छापून आणत आणि वाटत आले. स्वतःची कमी पडायची म्हणून की काय, दुसऱ्यांचीही गोळा करत. पाण्याच्या टाकीची, शाळेच्या गळक्या वर्गाची, एसटीच्या थांब्याची, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरूनच. पहिलीत बाईंनी ‘नि’चे शब्द विचारले. पोरांनी निळा सांगितलं, निवडुंग सांगितलं. मी निषेध सांगितलं. बाईंनी अप्पांना शाळेत बोलावून घेतलं. घरी आल्यावर अप्पांनी माझा मुका वगैरे घेतला नाही, हस्तांदोलन केलं.

पत्रकांच्या घड्या घालायला आम्ही तिघं बसायचो. मी, अप्पा आणि माय. बोलायचं नाही, हसायचं नाही. माय जरा गुणगुणायला लागली की अप्पा चष्म्यावरून बघायचे. ‘‘लोकांच्या प्रश्नाचं काम हाय हे,’’ एवढंच म्हणायचे. माय गप्प व्हायची आणि पुढच्या घडीवर नख जरा जास्तच जोरात ओढायची. काम गंभीरपणे करायचं असतं, गंमत ही कामाच्या आड येते, आणि गंमत करा असं कुणी सांगायला लागलं तर त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, हे माझ्या डोक्यात तिथं पक्कं बसलं.

पुढं ते खरंही ठरलं. कॉलेज संपल्यावर पुण्यात एका ऑफिसात तीन आठवडे नोकरी केली. दर शुक्रवारी तिथं सगळ्यांना कागदी टोप्या घालायला लावायचे. फुगे फोडायचे, एकमेकांसाठी टाळ्या वाजवायच्या, आणि मग रात्री नऊपर्यंत थांबायचं. थांबण्याचे पैसे वेगळे नव्हते, त्याच्याच बदल्यात टोपी होती. तिसऱ्या शुक्रवारी मी टोपी टेबलावर ठेवून उठले आणि गावाकडं येऊन पहिल्याच आठवड्यात पत्रक काढलं : ‘आनंदी कामगार ही नेमकी कुणाची गरज?’ चार पानं. अप्पांनी ते वाचून दुसऱ्यांदा हस्तांदोलन केलं.

आता मांजरसुंब्याच्या चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरून देते, टायपिंग करते, आणि उरलेल्या वेळात लिहिते. दुकानामागं पत्र्याचं शेड आहे. त्यात अप्पांच्या पत्रकांची अकरा पोती. मूळची खताची, अजून वास जात नाही. शेजारी एका फळवाल्याचं दुकान आहे, शेड त्यांचं आणि माझं अर्धं अर्धं.

गेल्या पावसाळ्यात घरमालकानं सांगितलं, दिवाळीआधी शेड पाडणार. पोती कुठं न्यायची? माय म्हणाली, ‘‘घरात एक तर मी ऱ्हाईन, न्हाईतर पोती.’’ अप्पा यावर थोडा वेळ विचार करत बसले. मायनं तो विचार पाहिला आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आमच्या गावात जुन्या दूध डेअरीची एक खोली रिकामी होती. अप्पांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला, ‘पत्रक वाचनालय’ करू म्हणून. त्याच खोलीवर गावातल्या एका नेत्याच्या पुतण्याचा व्यायामशाळेसाठी अर्ज होता. सरपंचबाई सरळ होत्या. म्हणाल्या, ‘‘व्यायामशाळेत काय काय येनार त्याची यादी त्यांनी दिली. तुमच्या पोत्यात काय हाय त्याची तुमी द्या. ऑक्टोबरच्या पहिल्या ग्रामसभेत ठरवू. यादी न्हाई आली तर खोली त्यांची.’’

ग्रामसेवकांनी नोंदवहीचे रकाने सांगितले : अनुक्रमांक, शीर्षक, वर्ष, शेरा. वही तीन दिवस आधी जमा करायची. आमच्या हातात अठरा दिवस होते. खोली गेली तर पोती रद्दीत जाणार, हे घरात कुणी बोललं नाही, पण रद्दीवाला चौकातून गाडा घेऊन गेला की अप्पा उठून आत जायचे.

काम मी माझ्याकडं घेतलं. पहिला दिवस वेळापत्रक करण्यात गेला. दुपारी दोन ते पाच, पंचेचाळीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, मोबाईल बंद, तीन रंगांच्या पेनांनी आखलेलं. ते शेडच्या पत्र्याला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी पहिलं पोतं उघडलं आणि पहिलंच पत्रक वाचत बसले. हापशाबद्दल होतं. चांगलं होतं, पण तिसऱ्या ओळीशी माझे मतभेद होते. ते मी वेगळ्या कागदावर लिहून काढले. असं करता करता चार दिवसांत एकसष्ट पत्रकं झाली. पहिलं पोतं अजून निम्म्यावर होतं. पाचव्या दिवशी मी वेळापत्रकासमोर बसून पाठ सरळ ठेवून नुसती जांभया देत होते.

‘‘काय करायलीस गं एवढं तोंड पाडून? कोन मेलं?’’

पलीकडून खालाचा आवाज. खाला म्हणजे फळवाल्याची बायको. चष्म्याला काडीऐवजी दोरा, आणि हात असे की फळ कधी उचललं आणि कधी ठेवलं ते दिसत नाही.

‘‘काम करायले, खाला.’’

‘‘काम असं करत्यात? असं तर मयतीला बसत्यात.’’

तिची सून फिसकन हसली. दोघी सीताफळं निवडत होत्या. मोसम होता, डोंगराकडून रोज सकाळी फळ उतरायचं आणि संध्याकाळी पुण्याची गाडी भरायची. इतके दिवस त्यांची बडबड मला त्रासच वाटत होती, त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली.

दोघी फळं निवडत नव्हत्या, लग्न लावत होत्या. मोठं, टणक, सगळीकडून सारखं फळ म्हणजे नवरदेव. लहान पण देखणं ते करवली. मधलं, साधं, ढीगभर असतं ते वऱ्हाडी. आज सांभाळलं नाही तर संध्याकाळपर्यंत फुटेल असं मऊ झालेलं, तो रुसलेला मामा. त्याला लगेच पुढं गाड्यावर न्यायचं आणि एसटीतून उतरलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. तडकून आ वासलेली ती बँडवाले.

‘‘अम्मी, ह्यो नवरदेव?’’

‘‘दाखव. मागून डाग हाय की त्याला.’’

‘‘मागून कोन बघतंय?’’

‘‘मुलीचा बाप बघतोय! पुन्याच्या बाजारात आपल्या क्रेटातून डागवाला नवरदेव गेला तर नाक जाईल आपलं. वऱ्हाडात घाल. आनि ह्यो मामा कवापासून रुसून बसलाय हितं? ने त्याला, पाया पड, गाड्यावर बसव!’’

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मी माझं चार पानी पत्रक तिला तोंडी ऐकवलं. कामात गंमत आणली की माणूस कामाचे तास मोजायचं विसरतो, पुण्यात आम्हाला टोप्या घालायला लावायचे, वगैरे.

खालाचे हात थांबले नाहीत. ‘‘टोपी घाला म्हनून कोन सांगितलं तुला?’’

‘‘साहेबानं.’’

‘‘अन् मला कोन सांगितलं, नवरदेव म्हन म्हनून?’’

मी मांडीवरची वही सरळ केली.

‘‘माझी सासू म्हनायची, तिची सासू म्हनायची. फळं दिसभर सारखीच असत्यात बेटा. नुसती फळं बघितली तर डोळे पेंगत्यात. पेंगल्या डोळ्यानं कच्चं पिकलं कळत न्हाई. नवरदेव म्हनलं की नीट बघावंच लागतंय, पोर द्यायची असती ना त्याला.’’

उत्तर नसलं की मी दुसरीकडं चूक शोधते. ती लगेच सापडलीही. तिनं एक हिरवं, दगडासारखं फळ उचललं आणि म्हणाली, ‘‘ही आपली नवरी. हिला गवतात बसव.’’

‘‘खाला,’’ मी म्हणाले, ‘‘कच्च्या फळाला नवरी म्हणायचं नाही.’’

‘‘कावून?’’

‘‘अठरा पूर्ण नाहीत तिची.’’

सून इतकी हसली की तिच्या हातातला मामा फुटला. खाला मात्र हसली नाही. तिनं ते फळ तळहातावर घेतलं, इकडून तिकडं फिरवलं.

‘‘बराबर हाय,’’ ती म्हणाली. ‘‘माझं तेराव्या वर्षी झालं.’’ मग सुनेकडं फळ टाकत म्हणाली, ‘‘हिला शाळेत घाल.’’

त्या दिवसापासून कच्च्या फळांच्या क्रेटला शाळा म्हणायला लागले. संध्याकाळी खाला सुनेला विचारायची, ‘‘आज शाळेत किती गेल्या?’’ आकडा मोठा असला की खूश व्हायची. धंद्याच्या दृष्टीनं ते वाईट होतं, कच्चं फळ पडून राहतं. तरी खूश व्हायची.

मी दुसऱ्या दिवशी वेळापत्रक काढलं. चिकटपट्टीबरोबर पत्र्याचा थोडा रंगही आला. पोतं खालाच्या बाजूला ओढलं आणि पत्रकांचं लग्न लावायला बसले.

स्वच्छ छपाई, वर्ष असलेलं, मुद्दा पहिल्या ओळीत, ते नवरदेव. हाताएवढ्या चिठ्ठ्या त्या करवल्या. एकाच पत्रकाच्या शंभर शंभर प्रती निघायच्या, ते वऱ्हाड. घडीवर फाटत आलेलं, आज डिंक लावला नाही तर उद्या दोन तुकडे, तो रुसलेला मामा. नुसत्या मथळ्यात पाचाहून जास्त उद्गारचिन्हं असली की बँडवाले. अर्धवट, हातानं लिहिलेले, वर्ष नसलेले कच्चे खर्डे शाळेत.

आता प्रत्येक पत्रक पूर्ण वाचायची गरज नव्हती, पण नीट बघायची होती. आणि पंच म्हणून खाला होतीच. तिला मराठी वाचता येत नव्हतं. मी मथळा मोठ्यानं वाचायची, ती सीताफळावरून नजर न काढता निकाल द्यायची.

‘‘ ‘जागे व्हा! जागे व्हा! जागे व्हा! पाणी चोरीला गेले! चोर कोण! ओळखा!’ ’’

‘‘बँडवाला. एवढं वराडल्यावर झोपलंय कोन?’’

‘‘ ‘थांबा आहे, पण एसटी थांबत नाही.’ ’’

हात थांबला. ‘‘नवरदेव,’’ खाला म्हणाली. ‘‘आनि खरं हाय ते. आजबी थांबत न्हाई.’’

सहाव्या दिवशी पहिलं पोतं संपलं. सातव्या दिवशी दुसरं. मग दिवसाला जवळजवळ एक पोतं व्हायला लागलं. उगाच फुशारकी नको, वेळ वायाही गेला. विहिरीबद्दलच्या एका पत्रकाला नवरदेव म्हणायचं की नाही यावर आमचं अर्धा तास भांडण झालं, आणि त्यात सुनेनं दोन्हीकडून मुद्दे मांडले. पण पूर्वी मी पाच वाजायची वाट बघायची. आता पाच वाजले की खाला गाडी भरायला उठायची आणि मी म्हणायची, ‘‘एवढा एक मामा समजावून जाते.’’ डिंकानं बोटं चिकटलेली असायची. आणि एकदा अप्पा शेडमध्ये आले तेव्हा मी चक्क गुणगुणत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हणाले, ‘‘नववं पोतं चालू आहे.’’ ते चष्मा सारखा करून गेले.

वही भरताना शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं हे ग्रामसेवकांनी सांगितलं नव्हतं. मी आमच्या सोयीसाठी पेननं प्रकार लिहीत गेले. नवरदेव, करवली, बँडवाले. शेवटी दोन दिवस काढून सगळं पक्क्या वहीत स्वच्छ उतरवायचं, तिथं शेऱ्यात ‘उत्तम’, ‘जीर्ण’, ‘अपूर्ण’ असं सभ्य लिहायचं, असं ठरलं होतं.

अकरावं पोतं वही जमा करायच्या आदल्या दिवशी दुपारी संपलं. रात्रीतून उतरवून काढू म्हणून मी दोनशे पानी कोरी वही आणि टोनर आणायला बीडला गेले. परत आले तर टेबल रिकामं.

‘‘खाला, माझी वही?’’

‘‘तुझे अप्पा घेऊन गेले ना. म्हनले, उद्यावर कशाला ठिवायचं.’’

अप्पांनी आयुष्यात कुठलाच अर्ज उशिरा दिलेला नाही. त्यांनी वही उचलली, गावी नेली, ग्रामसेवकांच्या हातात दिली आणि पोच घेतली. उघडून पाहिली नव्हती. कार्यकर्त्यावर विश्वास ठेवायचा असतो, म्हणाले. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं. ते पोचपावतीची घडी घालून खिशात ठेवत होते, इतक्या जपून, की मी तोंड मिटलं. सकाळी ग्रामसेवकांना फोन लावला. ते म्हणाले, वही दप्तरी दाखल झाली, आता बदल ग्रामसभेतच.

ग्रामसभेला शाळेच्या पटांगणात मांडव होता. नेहमी वीस-पंचवीस माणसं येतात आणि त्यातली निम्मी पेंगतात. त्या दिवशी पुतण्याची माणसं आल्यामुळं गर्दी होती. खालाही मुद्दाम चौकातून सुनेला घेऊन आली होती आणि बायकांत पुढं बसली होती. विषय आला. ग्रामसेवक उभे राहिले, त्यांनी वही उघडली आणि सरकारी आवाजात वाचायला सुरुवात केली.

‘‘अनुक्रमांक एक. हापसा कुणाचा. शेरा,’’ ते थांबले. चष्मा पुसला. ‘‘शेरा, करवली.’’

पेंगणाऱ्यांनी माना वर केल्या.

‘‘अनुक्रमांक दोन. पाण्याची टाकी गळते, गाव तळमळते. शेरा, बँडवाले.’’

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. ग्रामसेवक भरभर पानं उलटून शेवटच्या गोषवाऱ्यावर गेले. तिथं सुटका होईल असं त्यांना वाटलं असावं. ‘‘एकूण नवरदेव एकशे चौदा. रुसलेले मामा एकतीस, पैकी समजूत काढलेले एकोणतीस.’’

आता मांडवच हलला. नेते उठले. ‘‘सरपंचबाई, ही ग्रामसभेची थट्टा हाय. ही यादी म्हनायची का लग्नपत्रिका? यादी बाद करा, विषय संपवा.’’

त्यांचं चूक नव्हतं. मी उभी राहिले, पण बोलायच्या आत अप्पा उभे राहिले. हात वर करून, हरकतीचा मुद्दा मांडतात तसे. ग्रामसेवकांच्या हातातून त्यांनी वही घेतली आणि पानं उलटायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघू शकत नव्हते. पस्तीस वर्षांचं काम, आणि मी त्याचं वऱ्हाड केलं होतं.

‘‘माझी हरकत आहे,’’ अप्पा म्हणाले. बोट एका ओळीवर होतं. ‘‘अनुक्रमांक तीनशे बारा. ‘उठा गावकऱ्यांनो!’ हे पत्रक मी स्वतः लिहिलेलं आहे. हे बँडवाल्यात कशामुळं?’’

मी बारीक आवाजात म्हणाले, ‘‘मथळ्यात सात उद्गारचिन्हं आहेत, अप्पा.’’

‘‘विषयच तसा होता.’’

बायकांतून खाला ओरडली, ‘‘भाऊ, सात लई होत्यात! दोनात काम झालं असतं!’’

मांडव फुटला. अप्पा वळून खालाकडं बघत राहिले. आणि मग, मी आयुष्यात प्रथमच हे भर सभेत पाहिलं, त्यांच्या मिशीच्या एका टोकाला हसू आलं. त्यांनी ते हातानं पुसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

‘‘त्यातली दोन जास्त असतील,’’ ते म्हणाले. ‘‘सात म्हणजे अति नाही.’’

तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. ‘‘त्या थांब्याच्या पत्रकावर माझ्या थोरल्या भावाची सही होती. ते कशात घातलंय?’’

‘‘नवरदेव,’’ मी म्हणाले.

ते छाती पुढं काढून खाली बसले. मग रांगच लागली. आमच्या चुलत्याचं कशात? ऊसतोडीच्या बायांचं होतं ना एक? शाळेच्या गळतीचं मामात कसं काय, ते तर दणकट कागदावर होतं! पुतण्यासुद्धा उठला आणि त्यानं विचारलं, ‘‘माझ्या आज्यानं पान्याचं काढलं होतं म्हनत्यात. हाय का?’’ होतं. वऱ्हाडात. तो नाराज झाला. म्हणाला, दाखवा आधी, मग ठरवू.

‘‘कुठं दाखवू?’’ मी म्हणाले. ‘‘पोत्यातून?’’

सरपंचबाई इतका वेळ पदराआड हसत होत्या. त्यांनी पदर सारखा केला. ‘‘एवढी हरकत असंल तर बघायला जागा पायजे. डेअरीची खोली पत्रकांना, सहा महिन्यांसाठी. माणसं आली तर पुढं वाढवू. व्यायामशाळेला शाळेमागचं पटांगण हाय, तिथं ऊन बी मिळंल.’’ हात वर झाले. नेत्यांचा झाला नाही. पुतण्याचा झाला.

बाहेर पडताना अप्पा माझ्याशेजारून चालत होते. शाळेच्या फाटकापाशी त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘‘अठरा दिवसांत झालं.’’

‘‘तेरा,’’ मी म्हणाले. ‘‘पहिले पाच वाया गेले.’’

त्यांनी मान हलवली. हस्तांदोलन केलं नाही.

आता खोलीत फळ्या लागल्या आहेत. रविवारी माणसं येतात, आपापल्या माणसांची पत्रकं बघतात, वरच्या फळीवर न्या म्हणून भांडतात. घड्या घालायला, डिंक लावायला माय येते आणि मोठ्यानं गाते. अप्पा चष्म्यावरून बघतात आणि बघून झालं की परत कामाला लागतात. वही तीच आहे, शेरे तेच. ग्रामसेवक म्हणाले, दप्तरी दाखल झालंय, आता खोडता येत नाही.

फळ्या लावताना माझं ते पत्रक निघालं. ‘आनंदी कामगार ही नेमकी कुणाची गरज?’ मी ते सवयीनं नवरदेवाच्या फळीवर ठेवायला गेले. खाला दारात सीताफळं घेऊन बसली होती.

‘‘ते वाच बरं जरा.’’

मी वाचलं. चारही पानं. ती फळं निवडत ऐकत राहिली. टोप्यांचा भाग आला तेव्हा मान डोलावली. मी संपवल्यावर तिनं हात पुढं केला, पत्रक घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिलं, फळ दाबतात तसं.

‘‘टोपीचं पक्कं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पर बाकीचं अजून हिरवं हाय बेटा. शाळेत घाल.’’

मी घातलं.